ऑलोसला बासरी म्हणू नका!

प्राचीन ग्रीकांच्या आयुष्यात संगीत नेमकं कुठे होतं, देवाधर्मापुरतं आणि श्रीमंतांच्या मेजवानीपुरतंच होतं का, असं विचारलंय तुम्ही. खरं तर कुठे नव्हतं ते विचारा, यादी लवकर संपेल.

आधी शब्दच बघा. त्यांचा शब्द म्युसिकी, म्हणजे म्यूझ देवींची कला, आणि त्यात गाणं, वाद्य, नाच, कविता सगळं एकत्रच यायचं. आपल्याला हे पटकन समजावं, कारण आपल्या देवगिरीच्या शार्ङ्गदेवानेही गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हटलंय.

आता माझा जुना राग. ऑलोस या वाद्याचं भाषांतर लोक सर्रास 'बासरी' असं करतात. अहो, त्याला सनईसारखी पत्ती असते, दोन नळ्या एकाच वेळी तोंडात धरायच्या आणि गालांना आधार म्हणून बरेच वादक तोंडाभोवती चामड्याचा पट्टा बांधायचे, आता यात कृष्णाची बासरी कुठून आली? आणि हाच ऑलोस सगळीकडे. बळी देताना ऑलोस, लांब उडीच्या वेळी ऑलोस, युद्धनौकेवर 170 जणांची वल्ही एका तालात पडावीत म्हणून ऑलोस. इ.स.पू. 418 मध्ये मांतिनियाच्या लढाईत स्पार्टाचं सैन्य ऑलोसच्या सुरावर सावकाश चालत आलं, आणि त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस मुद्दाम सांगतो की हे धर्मासाठी नाही, पावलं सारखी पडावीत आणि रांग मोडू नये म्हणून.

अथेन्सची नाटकं म्हणजे तर जवळजवळ संगीत नाटकंच, कोरस गायचा आणि नाचायचा, साथीला परत ऑलोस. पण मला नाटकापेक्षा मद्याचा देव डायोनिसस, त्याच्या उत्सवातली समूहगानाची स्पर्धा जास्त भारी वाटते. अथेन्सच्या दहा गणांपैकी (म्हणजे नागरिकांच्या गटांपैकी) प्रत्येकाने 50 पुरुष आणि 50 मुलं उतरवायची, म्हणजे दरवर्षी हजार जण नुसते या स्पर्धेत गायचे, आणि हे धंदेवाईक गवई नाहीत बरं का, साधे नागरिक आणि त्यांची पोरं, महिनोन्‌महिने तालीम करून. खर्च एखाद्या पैसेवाल्याच्या गळ्यात. जिंकला की तो थाटात स्मारक बांधायचा, लिसिक्राटीसचं इ.स.पू. 334 च्या सुमाराचं स्मारक अथेन्समध्ये आजही उभं आहे.

गंमत म्हणजे एवढा उपयोगी ऑलोस, पण शिष्ट लोकांना तो खालच्या दर्जाचा वाटायचा. अथेन्सचा पुढारी आल्किबियाडीस, त्याने म्हणे लहानपणी शिकायलाच नकार दिला, कारण फुंकताना चेहरा वेडावाकडा होतो (देखणा होता ना तो!). लायर हे तंतुवाद्य वाजवता येणं मात्र सुशिक्षितपणाची खूण, अथेन्सचाच दुसरा पुढारी थेमिस्टोक्लीस, त्याला येत नव्हतं तर त्याला त्यावरून टोमणे. प्लेटोने तर आदर्श नगरातून ऑलोस काढूनच टाकला, आणि सुरावटींच्या प्रकारांपैकी फक्त डोरियन आणि फ्रिजियन ठेवल्या, बाकीच्यांनी माणूस रडका किंवा आळशी होतो म्हणे. मला हे वाचताना हसू येतं, पण त्याची भीती खरी होती, सूर माणसाचा स्वभाव घडवतो असं ही मंडळी मनापासून मानायची.

आणि हे सगळं ऐकू कसं यायचं? स्वरलिपीसकट उरलेले तुकडे साधारण 60, बहुतेक फाटके. पूर्ण गाणं हवं तर सेकिलोसचा दगड (थडग्यावरचा कोरीव खांब) शोधा, तुर्कस्तानात आयदिनजवळ सापडलेला, इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकातला, आता कोपनहेगनला आहे. 'जगतोयस तोवर चमक, दुःख करू नको' अशा अर्थाचं छोटंसं गाणं, अक्षरांच्या डोक्यावर स्वर कोरलेले. मधल्या काळात कुणाच्या तरी बायकोला तो फुलांची कुंडी ठेवायला हवा होता म्हणून बूड सपाट कापलं, त्यात खालची एक ओळ गेली. गाणं तेवढं वाचलं.