क्वीन्सटाउनच्या तळ्यावरची जेट बोट: आईंना न्यावे का, आणि तसा अनुभव कोकणात मिळेल का?

आपण रत्नागिरीहून विचारले आहे की दिवाळीच्या सुट्टीत न्यूझीलंडला जायचे ठरले आहे, तिथे क्वीन्सटाउनच्या तळ्यावरून सुटणाऱ्या जेट बोटीत बसण्याचा मुलांचा आग्रह आहे, पण सोबत ६३ वर्षांच्या आई आहेत, त्यांना कमरेचे दुखणे आहे आणि घरात कोणालाच पोहता येत नाही. तेव्हा ही सफर धोक्याची आहे का, आणि हाच अनुभव आपल्या तारकर्ली-देवबागला मिळणार नाही का. मी देवबागचा. आमच्या घरी पिढीजात मासेमारी आहे, चार हंगाम मी तिथल्या नदी-समुद्राच्या संगमावर पर्यटकांना बसवून जेट स्की, म्हणजे जेट बोटीच्याच तंत्राने चालणारी पाण्यावरची स्कूटर, चालवली आहे, आणि बहिणीकडे गेलो असताना एका मार्च महिन्यात क्वीन्सटाउनची ही सफर केली आहे. आपण आणि मुलांनी जरूर बसावे, आईंना बसवू नये, आणि पोहता येत नाही ही अडचण आपल्याला वाटते तितकी मोठी नाही, असे माझे उत्तर आहे. त्यामागची कारणे मात्र नीट सांगायला हवीत, कारण ही बोट कशी चालते हे कळले की काय सांभाळायचे ते आपोआप कळते.

आमच्या कर्ली नदीच्या मुखाशी रेती सतत जागा बदलते. काल जिथे दोन पुरुष पाणी होते तिथे आज सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गुडघाभरच पाणी असते, आणि लहानपणी होडीत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बसलो की वडिलांची एकच हाक कानावर यायची, “रेती लागतली, पंखो वर घे!” होडीच्या मागे लावलेल्या इंजिनाचा पंखा तळापेक्षा हात-दीड हात खाली लोंबत असतो, तो रेतीत घुसला की पाते वाकते, खडकावर आपटला तर तुटतेच. म्हणून उथळ पाण्यात इंजिन उचलायचे, वेग मोडायचा आणि बांबूने होडी रेटत न्यायची, हे आमच्या अंगवळणी पडलेले आहे.

जेट बोटीला बाहेर लोंबणारा पंखा नसतो आणि सुकाणूही नसते. बोटीच्या तळाला जाळी बसवलेले एक तोंड असते; तिथून पाणी आत खेचले जाते, आतल्या नळकांड्यात फिरणारा पंखा त्याला जोर देतो आणि मागच्या अरुंद तोंडातून ते पाणी झोताने बाहेर फेकले जाते. त्या झोताच्या उलट्या रेट्याने बोट पुढे जाते आणि झोत डावीकडे-उजवीकडे वळवला की बोट वळते. मागे जायचे असेल तर एक पन्हळीसारखे झाकण झोतावर उतरवून त्याची दिशा पुढे फिरवतात. वेग घेतला की ही बोट पाण्यावर इतकी वर उचलली जाते की १० सेंटीमीटर पाणीही तिला पुरते, म्हणजे आपली वीतसुद्धा त्यात पुरती बुडणार नाही.

हे तंत्र व्यवहारात आणले ते न्यूझीलंडमधल्याच बिल हॅमिल्टन या मेंढपाळ शेतकऱ्याने, १९५४च्या सुमारास. त्याच्या भागातल्या नद्या रुंद, वेगवान आणि गोट्यांनी भरलेल्या होत्या, आणि पंख्याची बोट त्यांत टिकत नव्हती. सुरुवातीला त्याने झोत पाण्याखाली सोडला तेव्हा बोट रेंगाळत चालली; तोच झोत पाण्याच्या वर आणून हवेत सोडला तेव्हा तिला खरा वेग आला. १९६०मध्ये त्याच्या बोटी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळीतून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. आणि आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, १९७७ साली एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन बंगालमधल्या गंगासागरापासून गंगेच्या उलट्या दिशेने निघाले आणि नंदप्रयागाजवळच्या धबधब्याने वाट अडवेपर्यंत पाण्यातूनच हिमालयात शिरले. गंगेच्या पाण्यावर हे घडले याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सविस्तर लिहीत आहे ती सांगतो. सुकाणू नसल्यामुळे ही बोट झोत चालू असेपर्यंतच वळते. इंजिनाचा जोर काढून घेतला की चाक किंवा हँडल कितीही फिरवा, बोट ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने सरळ घसरत जाते. भीती वाटली की जोर सोडायचा, हा माणसाचा स्वभाव आहे. स्कूटरवर तो उपयोगी पडतो, पंख्याच्या होडीवरही बऱ्याच अंशी पडतो, पण जेटवर तोच घात करतो. शिवाय उथळ पाण्यात वेग मोडला की वर उचललेली बोट खाली बसते, तिला जास्त पाणी लागते आणि तळाच्या तोंडातून रेती-खडे आत खेचले जाण्याची भीती असते. म्हणजे वडिलांनी मला जे शिकवले त्याच्या नेमके उलट.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. जेट स्की चालवण्याच्या दुसऱ्याच हंगामात एका पाहुण्यांनी फार आग्रह धरला म्हणून मी त्यांना पुढे बसवून हँडल त्यांच्या हाती दिले आणि स्वतः मागे बसलो. समोर नांगरावर एक होडी उभी होती, त्यात एक जण जाळे विणत बसला होता. अंतर कमी होताच पाहुणे घाबरले, त्यांनी थ्रॉटलवरून, म्हणजे इंजिनाला जोर देणाऱ्या खटक्यावरून, हाताचे बोट काढले आणि हँडल पूर्ण उजवीकडे ओढले. काहीच झाले नाही. स्की सरळ होडीकडे सरकत राहिली. मी त्यांच्या काखेखालून हात घालून थ्रॉटल दाबला, तेव्हा कुठे ती वळली, आणि आम्ही होडीपासून हातभर अंतरावरून गेलो. जाळे विणणारा उठून उभा राहिला होता आणि त्याच्या हातातली सुई पाण्यात पडली होती. त्या दिवसानंतर किनाऱ्यालगत मी हँडल कोणाच्याही हाती दिले नाही.

क्वीन्सटाउनला हे सारे चालकाच्या हाती असते, आपण फक्त धरून बसायचे असते, आणि म्हणूनच मी आपल्याला निःशंकपणे जा म्हणतो. तिथे नद्यांवर व्यावसायिक जेट बोट चालवण्यासाठी सरकारी सागरी नियमांचा स्वतंत्र भागच आहे आणि चालकाला प्रशिक्षणानंतर परवाना घ्यावा लागतो. मी बसलो ती बोट वाकाटिपू तळ्याच्या धक्क्यावरून सुटली. तळे सुमारे ८० किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी ३८० मीटर खोल. चहूबाजूंनी डोंगर, आणि पाणी इतके नितळ की धक्क्याच्या खांबांचा तळापर्यंतचा भाग दिसतो. या तळ्याचे पाणी ठरावीक काळाने काही इंच वर-खाली होते, त्याला तळाशी निजलेल्या राक्षसाचे हृदय धडधडते अशी माओरी लोकांची कथा आहे. समुद्र नसताना पाणी असे श्वास घेताना पाहून भरती-सुकतीच्या हिशेबाने जगणाऱ्या माझ्यासारख्याला नवल वाटले.

तळ्यावरून बोट सुसाट सुटते, पण खरी मजा पुढे आहे. तळ्याचे पाणी जिथून बाहेर पडते तिथे १९२६ साली नदीतले सोने मिळावे म्हणून बांधलेल्या दरवाजांचा जुना पूल लागतो. त्याखालून बोट कवाराऊ नदीत शिरते आणि पुढे शॉटओव्हर नदीत वर चढते, जिथे १८६२मध्ये सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली होती. तिथे नदी अनेक धारांत फुटलेली आहे, पाण्याखालचे गोटे एकेक मोजता येतील इतके पाणी कमी, आणि बोट ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने त्यावरून जाते. माझे पाय नकळत वर उचलले गेले होते, कारण एवढ्या पाण्यावर होडी लागणारच असे ज्याला आयुष्यभर शिकवले आहे त्याच्या शरीराला हे पटत नाही. जन्मभर डांबरी रस्त्यावर वाढलेल्या माणसापेक्षा आपल्या खाडीकाठच्या माणसाला या सफरीत जास्त थरार वाटेल, असे मला मनापासून वाटते.

आणि मग ती गिरकी. चालक हात वर करून हाताचे एक बोट हवेत गोल फिरवतो, म्हणजे सर्वांनी समोरची दांडी घट्ट धरायची. तो क्षणभर जोर काढतो, चाक झटक्याने वळवतो आणि पुन्हा पूर्ण जोर देतो. बोट जागच्या जागी गर्रकन एक पूर्ण फेरी घेते आणि कडेला बसलेल्यांवर पाण्याची भिंत कोसळते. आमच्या पाहुण्यांनी नकळत जे अर्धेच केले होते ते हा माणूस पूर्ण करत होता: जोर काढणे, वळवणे आणि पुन्हा जोर देणे. शेवटची पायरी किती महत्त्वाची आहे ते मला त्या गिरकीत नव्याने दिसले.

आईंबद्दल मी ठाम आहे, आणि त्याचे कारण पाण्यात पडण्याची भीती हे नाही. वाऱ्याच्या दिवशी तळ्यावर बारीक लाटा उठतात, आणि सपाट तळाची वेगवान बोट त्यांवर आपटत जाते तेव्हा प्रत्येक दणका बसणाऱ्याच्या कण्यातून वर जातो. गिरकीत मानेला आणि कमरेला जो हिसका बसतो तो धडधाकट माणसालाही जाणवतो. कमरेचे, मानेचे वा हृदयाचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर बसू नये. “एकदा बसून बघू, त्रास झाला तर उतरू” हा मार्ग तिथे नसतो, कारण सफर सुमारे तासाभराची असते. मुलांसाठी उंचीची किमान अट असते, ती तिकीट काढण्यापूर्वीच विचारावी.

पोहता न येण्याबद्दल आपण काळजी करता ते योग्यच आहे, पण त्या पाण्यात थंडीमुळे पोहणाऱ्यालाही भरवसा पोहण्याचा नाही, लाइफ जॅकेटचाच असतो. जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकले तर पट्टे सैल आहेत आणि पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. आमच्याकडे ही चाचणी आपण स्वतः करावी, कारण गर्दीच्या दिवसांत एक बकल लावून माणसे बसवली जातात आणि फोटोसाठी तेही सोडले जाते. थंडीसाठी मुलांना लोकरीची टोपी आणि वारा अडवणारे जाकीट द्या. मी बसलो त्या बोटीत समोरची दांडी कोमट होती, तरी बोटे बधिर झाली होती. चष्मा असेल तर दोरी लावा.

तोच अनुभव कोकणात मिळेल का, याचे उत्तर नाही असेच द्यावे लागेल; मिळतो तो त्याच्या जवळचा. आपल्या किनाऱ्यावर सर्रास दिसते ती जेट स्की. तिचे तंत्र हेच, पण ती चालते भरतीच्या लाटांवर आणि मऊ रेतीच्या खाडीत. गोट्यांवरून धावणारी नदी आपल्याकडे पावसाळा संपला की आटते. देवबागच्या संगमावर जाल तर भरतीची वेळ विचारून जा, मनगटाला बांधायची लाल दोरी मागून घ्या, कारण आपण पाण्यात पडलो की त्या दोरीनेच इंजिन बंद होते, आणि हँडल हाती आलेच तर वळताना थ्रॉटल सोडू नका. पावसाळ्यात, मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, हे खेळ बंद असतात. त्या काळात कोणी गुपचूप नेतो म्हणाला तर जाऊ नये. तळ्याचा शांतपणा हवा असेल तर मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव पाहा. १५३०मध्ये बांधलेल्या या तलावाला २०२०मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि काठावरच्या भगवती मंदिराच्या पायऱ्यांवर बसून तो पाहावा. वेगाचा हट्ट तिथे धरू नये.

राहिला प्रश्न आपण जेट बोटीत असताना आईंनी काय करायचे याचा. त्याच धक्क्याजवळून अर्न्सलॉ नावाची आगबोट सुटते. ती १९१२ साली पाण्यात उतरली आणि अजून कोळशावरच चालते; वरून वाकून पाहिले तर खाली माणसे फावड्याने भट्टीत कोळसा टाकताना दिसतात. मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला, मालवणला येण्याच्या गोष्टी आईंनी घरच्या मोठ्यांकडून नक्की ऐकल्या असतील. त्या बोटीत एकही हिसका बसत नाही, बसायला बाके आहेत, आणि तासा-दीड तासाने ती परत त्याच धक्क्याला लागते, तोवर आपणही भिजून परत आलेले असाल.