हल्लीच्या मराठी मालिका आणि रिॲलिटी शो बघण्यासारखे राहिलेत का?

तुम्ही विचारलंय की चार-पाच वर्षं मराठी टीव्ही बघितलाच नाही, आता परत सुरू करायचा तर मालिका आणि रिॲलिटी शोमध्ये काही दम राहिलाय का, आणि तुम्ही लोक स्वतः काय बघता. आधी कबुली देऊन टाकते, आमच्याकडे टीव्ही मी लावत नाही, सासूबाई लावतात. मी सातला लॅपटॉप बंद करून भाजी निवडायला म्हणून हॉलमध्ये येऊन बसते आणि साडेनऊपर्यंत उठत नाही, आता ह्याला बघणं म्हणायचं का नाही ते तुम्हीच ठरवा. लॉकडाऊनपासून हे असंच चालू आहे, त्यामुळे मत द्यायचा थोडाफार हक्क आहे असं मी धरून चालते.

तर पहिली गोष्ट, मालिका सुरू करण्याआधी हे माहीत असू द्या की बहुतेक गाजलेल्या मालिकांची गोष्ट आपली नसतेच. मला हे फार उशिरा कळलं. ऑफिसमध्ये माझी एक चेन्नईची मैत्रीण आहे, तिला मी एकदा डबा खाताना 'ठरलं तर मग'ची गोष्ट सांगत होते, वकील नवरा, काँट्रॅक्ट मॅरेज, अनाथाश्रमात वाढलेली मुलगी, तिला वाढवणाऱ्या मधुभाऊंवर खुनाची केस, तर ती म्हणाली थांब थांब, ही तर 'रोजा', माझ्या आईने अख्खी बघितलीय, पुढचं सांगू का? मग शोधायलाच लागले. 'आई कुठे काय करते' बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून, 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून, 'लाखात एक आमचा दादा' तमिळमधून, 'लक्ष्मी निवास' कन्नडमधून, आणि तेजश्री प्रधान-सुबोध भावेची 'वीण दोघांतली ही तुटेना' म्हणजे हिंदीतली 'बडे अच्छे लगते हैं'. घरी येऊन सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात हे सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "असेना का, आपल्याला कुठं तमिळ येतंय?"

आणि त्यांचं चूक नाहीये. गोष्ट उसनी आणली तरी ती बोलणारी, रडणारी, पोळ्या लाटणारी माणसं इथलीच असतात, आणि तेवढंच बघण्यासारखं असतं असं आता माझं मत झालंय. प्लॉट सोडून द्या, माणसं बघा.

'आई कुठे काय करते'चंच घ्या. डिसेंबर २०१९ला सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ला संपली, पाच वर्षं. पहिलं वर्ष-दीड वर्ष मधुराणी प्रभुलकरने जे काम केलंय ना, ते कुठल्या भाषेतून आलं ह्याने काहीच फरक पडत नाही. ती अरुंधती नुसती ओट्यापाशी उभी राहायची, पदराला हात पुसायची, आणि नवरा अनिरुद्ध काहीतरी टाकून बोलला की एक सेकंद तिचा हात थांबायचा आणि परत चालू व्हायचा. आमच्या हॉलमध्ये त्या वेळी कुणी बोलायचं नाही. तिचा घटस्फोट झाला त्या दिवसांत सासूबाई चक्क म्हणाल्या होत्या की बरं झालं, आणि ही बाई, जिने माझ्या नणंदेला दहा वर्षं सांगितलं की सांभाळून घे. तिथे नाहीतर फार तर तिच्या दुसऱ्या लग्नापाशी मालिका संपली असती तर मी आज लोकांना हात धरून बघायला लावलं असतं. पण नाही. दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला, मारलं, सुना आल्या, मुलांच्या भानगडी आल्या, आणि शेवटी शेवटी आम्ही फक्त सवय म्हणून बसायचो.

हे असं का होतं तर आठवड्याचा आकडा. कोण काय बघतं ते मोजणारी बार्क नावाची संस्था आहे, दर गुरुवारी तिचे रेटिंग येतात, देशभरात साधारण ५५ हजार घरांत मीटर बसवलेत त्यावरून. तुमच्या-माझ्या घरात तो मीटर नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी चॅनल बदललं की लेखकाच्या पोटात गोळा. गोष्ट चालली तर ती संपवायची नाही, नाही चालली तर काहीही करायचं, लीप घ्यायचा म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे न्यायची, पुनर्जन्म दाखवायचा, दोन मालिकांचा महासंगम करायचा, नायिका बदलायची. 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये गौरी आणि जयदीपला मारून परत जन्माला घातलं तेव्हा आमच्याकडे हशा पिकला होता. 'प्रेमाची गोष्ट'मधून तेजश्री गेली आणि स्वरदा ठिगळे मुक्ता म्हणून आली, घरातल्या कुणाला काही वेगळं वाटलं नाही, म्हणजे मालिकेतल्या घरातल्या. आमच्या घरात आठवडाभर तोच विषय.

'ठरलं तर मग'ला मी शिव्या घालते पण चुकवत नाही. डिसेंबर २०२२पासून चालू आहे, बहुतेक आठवडे नंबर एकवर. मधुभाऊंची केस अडीच वर्षं चालली हो, खऱ्या कोर्टाला लाज वाटेल असं नाही म्हणणार मी, खऱ्या कोर्टात ह्याहून जास्त लागतात, पण खऱ्या कोर्टात दर तारखेला वीज कडाडत नाही. पुरावा हातात येतो, हातातून जातो, कुणीतरी दाराआडून ऐकतं, कॅमेरा तीनदा तोंडावर येतो. आमच्या घरात ठरलेलं आहे, खलनायिका साक्षी कोर्टात खोटं बोलली की सासूबाई "हिच्या" एवढंच म्हणतात, पुढचा शब्द नातवासमोर गिळतात. तरी का बघतो? त्यातले नायिका-नायक, जुई गडकरी आणि अमित भानुशाली, बेडरूममध्ये उगाच उशीवरून, चहावरून भांडत असतात ना, त्याच्यासाठी. केस गेली खड्ड्यात.

आणि पूर्णा आजीसाठी. ते काम करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५मध्ये गेल्या, बातमी मोबाईलवर मी आधी वाचली आणि सासूबाईंना कसं सांगायचं कळेना, कारण त्यांच्या दृष्टीने ती नटी नव्हतीच, रोज संध्याकाळी येणारी त्यांच्याच वयाची बाई होती. त्या दिवशी टीव्ही लावला नाही आमच्याकडे. नंतर मालिकेत पूर्णा आजी म्हणून रोहिणी हट्टंगडी आल्या, आता त्या बाईंच्या कामाबद्दल मी काय बोलणार, 'होणार सून मी ह्या घरची'मधली आईआजी सासूबाईंची लाडकीच होती. पहिल्या दिवशी सासूबाई चष्मा लावून, पुढे सरकून बसल्या, पूर्ण एपिसोड बघितला, आणि म्हणाल्या, "चांगली आहे. पण तिला आठवू देत नाही, असं नाही करत, एवढं बरंय." मला ह्या वाक्याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही, पण मी विचारलंही नाही.

आता रिॲलिटी शो. इथे साचा तर अगदी उघडउघड बाहेरचा, पण माणसांना संवाद लिहून दिलेले नसतात, निदान सगळे तरी नसतात, आणि मला त्यातलं आवडतं ते नेमकं ते. मालिकांमधली भाषा ऐका तुम्ही, कोल्हापूरचं घर असो नाहीतर नाशिकचं, सगळे एकच गुळगुळीत मराठी बोलतात, मधूनच एखादी काकू 'काय गं बाई' करते की झालं ग्रामीण. मी सांगलीची आहे, मला हे फार टोचतं. आणि मग २०२४चा बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन आला, रितेश देशमुखचा पहिला, त्यात कोल्हापूरकडचा डीपी, मालवणीत फणकारे टाकणारी अंकिता, आणि बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण. एका घरात एवढ्या तऱ्हेचं मराठी मी टीव्हीवर आधी ऐकलं नव्हतं. शनिवार-रविवारच्या भागाला नावसुद्धा काय दिलं होतं, भाऊचा धक्का! आधीच्या सीझनमधली महेश मांजरेकरांची चावडी मला जास्त आवडायची, ते खरंच झापायचे, रितेश जरा जास्तच गोड वाटायचा सुरुवातीला, पण निक्की वर्षा उसगांवकरांना वाट्टेल ते बोलली तेव्हा त्याने जे सुनावलं ते ऐकून आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या.

फायनलला, ६ ऑक्टोबरला, सूरज जिंकला आणि अभिजीत सावंत दुसरा आला. मी अभिजीतच्या बाजूची. पहिला इंडियन आयडल, सभ्य माणूस, नीट खेळला. सासूबाई आणि नवरा सूरजच्या. भांडण झालं, खरंच झालं, मी म्हटलं सहानुभूतीवर मतं मिळाली, आईवडील लहानपणी गेले, परिस्थिती वाईट, म्हणून. नवरा म्हणाला मग काय वाईट आहे? आज दीड-दोन वर्षांनी सांगते, मतं सहानुभूतीचीच होती असं मला अजूनही वाटतं, पण सीझनमधलं मला आठवतं काय तर सूरजच, त्याचं कोपऱ्यात गप्प बसणं आणि मग एकदम काहीतरी बोलून जाणं. अभिजीतचं एक वाक्य आठवत नाही. नंतर केदार शिंदेंनी सूरजला घेऊन सिनेमा काढला, एप्रिल २०२५मध्ये आला, आणि ज्या महाराष्ट्राने मतांचा पाऊस पाडला होता तो थिएटरकडे काही फिरकला नाही. आम्ही पण नाही गेलो. फोनवर बोट दाबायला काय लागतं हो, तिकिटाला अडीचशे रुपये आणि सोसायटीतून रिक्षा.

गाण्याच्या शोबद्दल मात्र माझं मन खट्टू आहे आणि त्याला कारण घरातलं आहे. माझी भाची, अकरावीत, चांगली गाते, सात वर्षं शिकतेय. एका चॅनलच्या ऑडिशनला (नाव नाही सांगत) मी तिच्याबरोबर गेले होते, सकाळी सातपासून रांग, दुपारी दोनला नंबर. आत जाण्याआधी एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन आली, गाणं कुठलं गाणार हे विचारायच्या आधी तिने विचारलं, बाबा काय करतात? बँकेत. आई? शाळेत शिकवते. गाण्याला घरून विरोध वगैरे? नाही. मग काही स्ट्रगल? भाची माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बसला दोनदा बदलावं लागतं क्लासला जायला. त्या मुलीने हसून काहीतरी लिहिलं. आत दीड मिनिट गायली, थँक्यू म्हणाले, संपलं. निवड झाली नाही ह्याचं काही नाही, तिच्याहून चांगली मुलं होती तिथे, मी ऐकली. पण तेव्हापासून स्टेजवर कुणी गायला लागलं आणि मागे घराची कौलं, आईचे हात, मंद बासरी असं सुरू झालं की मला तो क्लिपबोर्ड दिसतो.

२००८-०९चं 'सारेगमप'चं लिटल चॅम्प्स असं नव्हतं का, तर थोडं होतंच, एसएमएस मागणं तेव्हाही होतं, पण आपण भांडायचो ते गाण्यावरून. कार्तिकी का आर्या, ह्यावरून आमच्या माहेरी दोन गट होते आणि वडिलांनी कार्तिकी जिंकल्यावर खास शेजाऱ्यांना पेढे दिले होते कारण शेजारी आर्याच्या बाजूचे. त्या वेळच्या शेवटच्या पाच जणांना २०२१मध्ये त्याच शोमध्ये ज्युरी म्हणून बसवलं तेव्हा मी पहिला भाग बघताना रडले, कशासाठी ते विचारू नका. मग त्यातल्याच मुग्धा-प्रथमेशचं लग्न झालं तेव्हा नातेवाईकांकडचं कार्य असल्यासारखे फोटो फिरत होते आमच्या ग्रुपवर.

राहता राहिली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा', विनोदी स्किटचा शो. २०१८ला आली ती स्पर्धा म्हणून, आता स्पर्धा कुठे आहे शोधावी लागते, प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर कशाचे जज आहेत हा प्रश्न माझा मुलगा मला दर वेळी विचारतो आणि मला उत्तर येत नाही. पण स्किट चांगलं जमलं ना तर त्यात जो चाळीतला, गावच्या एसटीतला, सरकारी ऑफिसमधला माणूस दिसतो तो आठ वाजताच्या मालिकांमध्ये शोधून सापडणार नाही. सगळी चांगली नसतात, पाचातली दोन धरा, हल्ली हल्ली तर एक.

तर तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. 'ठरलं तर मग' आत्ता पहिल्या भागापासून सुरू करायच्या भानगडीत पडू नका, हजाराच्या वर एपिसोड आहेत, मधूनच एखाद्या दिवशी लावा, दहा मिनिटांत सगळं कळतं, कारण प्रत्येक जण मोठ्याने विचार करतो. 'आई कुठे काय करते'चे सुरुवातीचे भाग जिओहॉटस्टारवर बघा, घटस्फोटापर्यंत, आणि तिथे थांबा, कुणी काही म्हणो. हास्यजत्रा यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांत बघा, जेवताना. बिग बॉस बघायचा असेल तर एकट्याने बघू नका, भांडायला घरात निदान एक माणूस विरुद्ध पार्टीचा पाहिजे, नाहीतर त्यात काही नाही. आणि प्रोमो बघून काहीही सुरू करू नका, प्रोमोतली कानफटात नेहमी स्वप्नात मारलेली असते.