व्याज सोडा, हप्ता सोडू नका

सप्रेम आशीर्वाद.

देवस्थानाच्या जागेवर दहा गरीब कुटुंबांना घरं बांधून द्यायची, तीही फुकट, आणि उत्सवात किल्ल्या वाटायच्या, असं तुमचं ठरतंय. वाचून फार बरं वाटलं. पण माझं ऐकशील तर घरं फुकट देऊ नका.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ क्लॅरेन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने १९४२ मध्ये कोइनोनिया नावाची शेती सुरू केली. तिथे काळे-गोरे एका पंगतीत जेवत. त्यापायी १९५०च्या दशकात बहिष्कार आला, गोळीबार झाला. माणसं हटली नाहीत. आसपासची काळी कुटुंबं मोडक्या खोपट्यांत राहत होती. १९६८ मध्ये जॉर्डन आणि मिलर्ड फुलर यांनी त्यांच्यासाठी एक निधी काढला. फुलर तिशीच्या आत लक्षाधीश झाले होते आणि सगळं सोडून आले होते. गरिबाला कर्ज दिलंस तर त्याच्याकडून व्याज घेऊ नकोस, ही बायबलमधली आज्ञा दोघांनी शब्दशः पाळली. घर नफ्याशिवाय विकायचं, पैसे वीस वर्षांत बिनव्याजी फेडून घ्यायचे आणि आलेल्या हप्त्यांतून पुढचं घर उभं करायचं. पहिलं घर पुरं होण्याआधीच, १९६९ मध्ये, जॉर्डन गेले. १९७६ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी याच कल्पनेवर ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ उभी केली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हातोडा घेऊन जिच्या कामावर जात, तीच ही संस्था. २००६ मध्ये ते आपल्या लोणावळ्याजवळही आले होते. तिथे शंभर घरं बांधली गेली.

आता हिशेब कर. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं. महिन्याचा हप्ता जवळपास नऊ हजार, आणि फेड होते साडेएकवीस लाखांच्या वर. व्याज काढ, हप्ता सव्वाचार हजारांच्या आत येतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला नऊ हजार झेपत नाहीत, चार झेपतात. तुमच्या निधीने नेमकी ही दरी भरावी. फुकट दिलंत तर दहा घरांवर निधी संपेल, आणि त्या घरातला माणूस जन्मभर तुमच्यापुढे मान खाली घालून उभा राहील. हप्ता भरणारा ताठ मानेनं देवळात येईल, विश्वस्तांना प्रश्नही विचारेल. विचारू दे.

बांधकामाला त्या कुटुंबाचेही हात लागू देत. विटा वाहणं, भिंतींवर पाणी मारणं, रंग देणं जमण्यासारखं आहे. म्हातारं, आजारी कोणी असेल तर त्याला हिशेबाची वही द्या. कुटुंब निवडताना जात-धर्म विचारू नका, दर्शनाला येतं का हेही नको. निकष गरजेचा आणि फेडीच्या कुवतीचा, एवढाच ठेवा. दारावर देणगीदाराची पाटी लावायचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नाही म्हण.

किल्ली देण्याचा दिवस एकच असतो, वसुली वीस वर्षं चालते. कोणाची नोकरी जाईल, कोणी आजारी पडेल, हप्ते थकतील. तेव्हा घरी जाऊन बसायचं, मुदत वाढवून द्यायची, पण विषय सोडायचा नाही. हे काम अंगावर घेणारी दोन माणसं आजच पक्की कर.

आणखी एक. जागा देवस्थानाची आहे, म्हणजे ती विकायला किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६ वकिलाला दाखव. जागेचे उतारे आणि न्यासाची नियमावली घेऊन ये, मगच कुटुंबांना शब्द द्या.

कळावे.