आधी उलटी बाजू

पोरी,

लग्नाच्या थोबवर, म्हणजे आपल्या भरतकामाच्या पायघोळ झग्यावर, मशीनने भरलेला छातीचा तुकडा लावू का, असं विचारलंस. वर लिहिलंस, जे गाव मी पाहिलंच नाही त्याची नक्षी अंगावर घालायचा मला काय हक्क? ते गाव मीही पाहिलेलं नाही. १९४८ला पॅलेस्टाईनमधून सात लाखांहून जास्त माणसं देशोधडीला लागली, त्यांत माझी आई होती. मी छावणीतच जन्मले. हक्काचं राहू दे. आजीचा थोब आहे ना तुझ्याकडे? तो उलटा कर.

तू पाठवलेले सगळे फोटो सुलट बाजूचे. त्यावरून फुल्या मोजता येतील, आजीचा हात कसा कळणार? दोरा कुठून निघाला, कुठे वळला, कुठे संपला, ते मागे दिसतं. बेथलेहेमची असतीस तर गोष्ट निराळी, तिथे जरीची दोरी कापडावर मांडून टाचतात. आपलं काम फुल्यांचं, मोजणीचं. म्हणून उलटी बाजू बघ.

थोब विरला की कब्बा, म्हणजे छातीचा भरलेला तुकडा, उसवायचा आणि नव्या थोबला लावायचा, ही आपली जुनी रीत. आई गेल्यावर मी तिचा कब्बा फ्रेम करायला दिला. दुकानदाराने तो पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला. त्यावर भरलेली सुरूची झाडं काचेतून स्पष्ट दिसतात. डावीकडच्या शेवटच्या झाडाला लाल दोरा संपला असावा, शेंडा फिकट आहे. तिथे तिने नवा दोरा कसा जोडला, ते मला हवं होतं. सोडवायला गेले तर टाके तुटू लागले. जिवंतपणी तिला विचारलं नाही आणि मागून ती वाटही मीच बंद केली.

मी उशांचे अभ्रे विकले, गिऱ्हाइकाला आवडतील त्या रंगांत, हे तुला कुणी सांगितलं असेलच. चार मुलांची फी त्यातूनच भरली, मला त्याची लाज नाही. पण एकाही अभ्र्याची उलटी बाजू मी गचाळ सोडली नाही. एकाचीही नाही!

तत्रीझ, हे आपलं भरतकाम, २०२१ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं, ती बातमी तू मला तीनदा पाठवलीस. मलाही आनंद झाला गं. पण सुईत दोरा ओवलास का?

लग्नाला सात महिने आहेत. कब्बा पुरा होणार नाही, मला माहीत आहे. बाहीची एक पट्टी भर, ती घालून लग्नाला उभी राहा, उरलेलं नंतर. मशीनचा तुकडा नको. उद्या उजेडात खिडकीपाशी बस, थोब उलटा कर आणि कोपऱ्यातला पहिला टाका कुठून निघालाय ते मला कळव.