इरुंगट्टुकोट्टैला जाण्याआधी

प्रिय बाळ,

आशीर्वाद. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर गाड्यांची शर्यत बघायला आणि फोटो काढायला जायचं ठरवलंस, बरं केलंस. मोठी लेन्स भाड्याने घेऊ का, हा तुझा पहिला प्रश्न. घेऊ नकोस. तुझ्याकडची ७०-३०० मिलिमीटरची लेन्स पुरे. तुझ्या कॅमेऱ्याच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ती टोकाला ४५० मिलिमीटरसारखी वागते. शिवाय अनोळखी लेन्सची बटणं चाचपडण्यात अर्धा दिवस जातो. ते पैसे एका जास्तीच्या मुक्कामाला लाव आणि सरावाच्या दिवसापासून तिथे जा.

श्रीपेरुंबुदूरजवळचा हा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. एका जागेवरून तो सगळा दिसत नाही, आणि प्रेक्षकांना सगळीकडे फिरूही देत नाहीत. म्हणून सरावाच्या पहिल्या सत्रात कॅमेरा पिशवीतच राहू दे. नुसतं बघ. ब्रेक कुठे लागतात? तिथे गाडीचं नाक दबतं आणि मागचा आत घुसायला बघतो. पुढे वळणाच्या आतल्या कडेला जवळजवळ सगळ्या गाड्या एकाच रेषेवरून जातात. फॉर्म्युला गाडी (वरून उघडी, एका चालकाची) असेल तर चालकाचं हेल्मेटही तिथे नीट दिसतं. बाईकच्या शर्यतीतही फोकस हेल्मेटवरच धर. आणि हिशेब कर: शर्यत दहा फेऱ्यांची असेल, तर एका जागेवरून एका गाडीचे तुला दहाच मोके. जागा शोधत हिंडलीस की त्यातले निम्मे गेले. प्रत्येक शर्यतीला एकच जागा, पुढच्या शर्यतीला हवी तर दुसरी.

आता शटरस्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. १/२००० सेकंदाला गाडी जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकते. चाकं थिजतात आणि एवढ्या वेगातली गाडी फोटोत चक्क उभी दिसते. १/१०० ला ती अर्धा मीटर जाते. तेवढ्या वेळात कॅमेराही तिच्याबरोबर फिरला तर गाडी रेखीव येते आणि मागचं कुंपण, माणसं, जाहिराती सगळ्याचे फराटे होतात. हे पॅनिंग वाचून येत नाही. तिथे पुण्यात पाषाण रस्त्याच्या फुटपाथवर उभी राहा आणि आतापासून रोज स्कूटर टिप. (कर्वे रस्त्यावर नको, मेट्रोचे खांब मध्ये येतात.) क्लिक जिथे करायचं त्या दिशेला पाय रोव, कंबरेतून वळून गाडी लांबूनच धर. क्लिक झाल्यावरही फिरत राहा. चेंडू सुटला म्हणून बॉलर हात थांबवत नाही, तसं. १/२५० पासून सुरुवात कर, जमलं की १/१२५, मग १/६०. समोरून अंगावर येणाऱ्या गाडीला मात्र १/१००० ठेव. ऑटोफोकस सतत चालणारा हवा, आणि बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फोटो) छोटे मार. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरला की कॅमेरा नेमका ओव्हरटेकच्या वेळी गप्प बसतो.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ला १/१०० ठेवलंस की अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक) एफ/१६ वर, म्हणजे बरंच बारीक, जातं. १/६० ला त्याहून बारीक, आणि मग सेन्सरवरची धूळ ठिपके होऊन फोटोत उतरते. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लाव. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), वर गाडीच्या काचेवरची चमकही कमी करतो. आभाळ भरून आलं की काढून ठेव.

दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते. लांबची गाडी तेव्हा पाण्यात बुडाल्यासारखी येते, लेन्स कितीही महाग असो. ती वेळ जेवणाला, पाणी प्यायला आणि जवळच्या फोटोंना दे. पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या गाड्या तयार होतात त्या आवारात, सोडत असतील तर विचारून जा. टायर बदलणाऱ्या मेकॅनिकचे हात मला शर्यतीइतकेच आवडतात, पण हा माझा शौक झाला. पाऊस आला तर पळू नकोस. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड जवळ ठेव. ओल्या ट्रॅकवर चाकांमागे उडणारे तुषार एरवी मिळत नाहीत.

जाळी आडवी येईल. लेन्सचं हूड काढ, भिंग जाळीला जवळजवळ टेकव, अ‍ॅपर्चर सगळ्यात मोठं ठेव, तारा विरघळतात. जाळीचा सावलीतला भाग निवड, उन्हात चकाकणाऱ्या तारा विरघळत नाहीत. हे समोरून येणाऱ्या गाडीसाठी. पॅनिंगला मात्र जाळीच्या वर नजर जाईल अशी उंच जागाच शोध.

मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचा सुरक्षेचा माणूस, मागे हो म्हणाला की मागे व्हायचं, वाद नाही. पुढे कधी नाशिककडे मोटारींच्या रॅलीला गेलीस तर तिथे जाळीही नसते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभी राहू नकोस. सुटलेली गाडी तिकडेच येते.

परत आलीस की तीसेक फोटो पाठव, न कापता, रंग न बदलता. पॅनिंगचे फसलेलेही पुसू नकोस. तुझा हात कुठे थांबतोय ते मला त्यातच दिसेल.

तुझा,
काका