वेगळं अर्थिंग करूनही स्विमिंग पूलच्या शिडीला हात लावला की झिणझिण्या का येतात?

दोष सापडेपर्यंत पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका. 'थोड्याच तर झिणझिण्या येतात' म्हणून सोडून देऊ नका. ओल्या अंगातून करंट सहज वाहतो आणि स्नायू आखडले की पोहता येणारा माणूसही हाक न मारता बुडतो.

तुम्ही लिहिलंय की वायरमनने पंपाजवळ अर्थिंगसाठी जमिनीत वेगळा रॉड ठोकला आणि तो घराच्या अर्थिंगला जोडलेला नाही. माझ्या मते गडबड तिथेच आहे. नुसत्या रॉडने फॉल्टचा करंट 'जमिनीत जिरत' नाही. जांभ्याच्या जमिनीत रॉडचा रोध ३० ओहम सहज निघतो. म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम पावणेआठ अँपिअर. एवढ्यावर १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) कधीच पडणार नाही, पंपाची बॉडी जिवंतच राहील. शिवाय दोन सुट्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि एक हात शिडीला, पाय पाण्यात असा माणूस तो फरक अंगावर घेतो.

म्हणून पंपाचा रॉड घराच्या मुख्य अर्थ-बारला (सगळ्या अर्थ वायर एकत्र येतात ती पट्टी) तांब्याच्या वायरने जोडा. पंपाला वीज देणाऱ्या लाइनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. पावसाळ्यात ती सारखी पडते म्हणून बायपास करण्याची सवय फार वाईट. पडते म्हणजे बहुधा मोटरमध्ये ओल शिरली आहे. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) इन्सुलेशन तपासा, १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर उघडा. टर्मिनल बॉक्सचं गॅस्केट आणि वरच्या बाजूने आत आलेली केबल, बहुधा यांतलं एक सापडतं.

आता खरं काम: बाँडिंग, म्हणजे धातूचे सगळे भाग एकमेकांना जोडणं. शिडीचे अँकर, रेलिंग, पंपाची बॉडी, हीटर, लाइटची धातूची खोबण आणि काँक्रीटमधली सळई हे सगळं १० चौरस मिमी तांब्याच्या वायरने एकमेकांशी आणि अर्थ-बारशी जोडायचं. मग फॉल्ट झाला तरी पाणी, शिडी आणि पायाखालची फरशी जवळपास एकाच पातळीवर राहतात, फरकच उरत नाही. पूल आधीच बांधलेला असेल आणि सळई हाती लागत नसेल, तर काठापासून दीड-दोन फुटांवर, चार ते सहा इंच खोल उघड्या तांब्याच्या वायरची रिंग फिरवा. अमेरिकेच्या वीज नियमांत हा पर्याय मान्य आहे. जमिनीतले क्लॅम्प पितळेचे किंवा ब्राँझचे घ्या. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) क्लॅम्प क्लोरिनच्या पाण्यात, विशेषतः मिठापासून क्लोरिन बनवणाऱ्या क्लोरिनेटरजवळ, लवकर गंजतात आणि जोड वरून शाबूत दिसतो. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच ठेवा आणि त्याचा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर (दिव्याची बाजू मेन लाइनपासून पूर्ण वेगळी ठेवणारा) काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे.

जोडण्याआधी एक तपासणी करा. हात न लावता, इन्सुलेटेड प्रोबने शिडी आणि पाणी यांच्यातला एसी व्होल्टेज मोजा, आधी मेन चालू असताना, मग बंद करून. बंद केल्यावर तो गेला तर दोष तुमच्या वायरिंगमध्ये. तसाच राहिला तर तो बाहेरून, बहुधा सर्व्हिस लाइनच्या न्यूट्रलमधून येतोय. तेव्हा वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा, तुमचा वायरमन तो दुरुस्त करू शकणार नाही.