३३व्या वर्षी अमेरिकेत मेडिकलला जायचंय? वयाचा विचार सगळ्यात शेवटी करा

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही नाशिकच्या, बी.फार्म. झालेल्या, हॉस्पिटलच्या फार्मसीत बरीच वर्षं काम केलेल्या. वय ३३. मिस्टर अमेरिकन नागरिक, त्यामुळे तुमचा इमिग्रंट व्हिसा काही महिन्यांत होईल आणि तुम्ही ओहायोत राहायला जाल. बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं, ती इच्छा अजून मनातून गेलेली नाही. या वयात तिथे डॉक्टर होता येईल का आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

होता येईल. मी मूळची सांगलीची. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून, लग्नानंतर इथे आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मेडिकलला गेले आणि आज फॅमिली मेडिसिनची प्रॅक्टिस करते. इथे मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांचं सरासरी वय २४च्या आसपास असतं, कारण आधी पदवी घ्यावीच लागते. माझ्या वर्गात आधी शाळेत शिकवलेले होते, नर्सिंग केलेले होते, सैन्यातून आलेलेही होते. वयामुळे अर्ज बाजूला पडत नाही. तो अडतो दोन गोष्टींवर: तुमचं इमिग्रेशन स्टेटस काय आणि तुमचे मार्क कुठल्या देशातले. म्हणून या दोन्ही गोष्टींवर सविस्तर लिहिते.

स्टेटसच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या आपल्या किती तरी मुली हुशार असूनही इथेच अडकतात. एच-फोरवर शिकता येतं, पण बहुतेक मेडिकल स्कूल त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात. परदेशी विद्यार्थी घेणारी स्कूल मोजकी आहेत, त्यातली काही फीची रक्कम आधीच बँकेत ठेवलेली दाखवा म्हणतात, आणि सरकारी कर्ज तर मिळतच नाही. मी त्याच कारणाने ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत अर्ज केला नाही. तुम्ही ग्रीन कार्डवरच उतरणार. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर पहिलं कार्ड दोन वर्षांच्या मुदतीचं, अटींसह मिळेल. प्रवेशाला आणि कर्जाला तेही चालतं. फक्त मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत अटी काढण्याचा अर्ज करायचा असतो, ती तारीख दोघांच्याही कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका.

आता मार्क. इथे आल्यावर मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी तरी तुम्हाला हमखास सांगेल, "यूएसएमएलई दे, माझ्या भाचीने दिली." ती भाची एमबीबीएस होऊन आलेली असते. यूएसएमएलई म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा. ज्यांच्याकडे भारतातली डॉक्टरकीची पदवी आहे, त्यांच्यासाठी ती थेट देण्याचा रस्ता. तुम्हाला पहिल्या वर्षापासून मेडिकल शिकायचंय, तुमचा रस्ता इथल्या मुलामुलींचाच आहे.

आणि त्या रस्त्यावर तुमच्या बी.फार्म.च्या गुणपत्रिकेला तुम्हाला वाटतं तितकं वजन नाही, हे आधीच स्वीकारलेलं बरं. एमडी (इथे ही डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या बहुतेक स्कूलचा अर्ज ॲमकॅस नावाच्या एकाच यंत्रणेतून जातो. ही यंत्रणा परदेशी विद्यापीठातले मार्क तपासत नाही आणि जीपीएमध्येही धरत नाही. बरीच स्कूल अमेरिकेतले किंवा कॅनडातले किमान ९० क्रेडिट मागतात, काहींना इथली पदवीच लागते. पदवी म्हणजे साधारण १२० क्रेडिट. तेव्हा केवळ तीन-चार विषय इथे करून अर्ज टाकता येईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

म्हणून मी तुम्हाला दुसरी पदवी सुचवेन. आधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्वस्त स्थानिक कॉलेज) सुरुवात करा, मग राज्याच्या विद्यापीठात जा. विद्यापीठ तुमचे भारतातले काही विषय मान्य करून क्रेडिट देतं आणि उरलेलं शिक्षण दोन-अडीच वर्षांत होऊ शकतं. राज्यात वर्षभर राहिल्यावर साधारणपणे स्थानिक रहिवाशांची फी लागू होते, ती बाहेरच्यांच्या फीपेक्षा खूप कमी असते. पोस्ट-बॅक नावाचे खास अभ्यासक्रम तुमच्या वाचनात आले असतील. चांगले आहेत, पण महाग आहेत आणि इथली पदवी आधीच असलेल्यांसाठी बेतलेले आहेत. तुमची गरज वेगळी आहे.

विषय साधारण असे: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी वर्षभर, प्रॅक्टिकलसकट. वर बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन, स्टॅटिस्टिक्स, शिवाय सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी. ऑरगॅनिक तुम्ही बी.फार्म.ला कोळून प्यायलेल्या असाल. तरीही इथे ते परत करा आणि त्यात 'ए' मिळवा. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ४ पैकी पावणेचारच्या वर आहे. भारतातल्या मार्कांचा आधार नसताना, इथली प्रत्येक श्रेणी तुमच्यासाठी मोलाची आहे. कम्युनिटी कॉलेजातले सायन्सचे विषय काही स्कूलना फारसे पसंत नसतात, म्हणून वरच्या पातळीचं केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री विद्यापीठात करा.

याच काळात एक सवय लावून घ्या, जी आपल्या शिक्षणात आपल्याला लागलेली नसते. इथे प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात, ऑफिस अवर्स. अडचण नसेल तर कशाला जायचं, असं आपल्याला वाटतं. जा. दाराशी उभं राहून एक शंका विचारून परत फिरू नका, बसा, चाचणीतलं चुकलेलं उदाहरण काढा, तुम्ही फार्मसीत काय करत होतात ते सांगा. दोन वर्षांनी तुम्हाला शिफारसपत्रं लागणार आहेत, साधारणतः दोन सायन्सच्या प्राध्यापकांची आणि एक इतर विषयाचं. "वर्गात पहिली आली" एवढं लिहिलेलं पत्र इथे कुचकामी असतं. तुम्ही विचार कसा करता, अडलात की काय करता, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांचंच पत्र कामाला येतं.

कामाचं बोलू. तुमच्या बी.फार्म.वर इथे फार्मासिस्ट होता येणार नाही. २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना परवान्याच्या पहिल्या पायरीलाच पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. हे कळल्यावर अनेक जणी खचतात. पण फार्मसी टेक्निशियन म्हणून काम मिळू शकतं, आणि मेडिकलच्या अर्जाच्या दृष्टीने ते काम हॉस्पिटलमध्ये मिळालं तर फारच उत्तम. त्याच्या जोडीला डॉक्टरांबरोबर राहून काम पाहणं, म्हणजे शॅडोइंग, आणि रुग्णांच्या प्रत्यक्ष सहवासातली सेवा हवी. मी हॉस्पिसमध्ये जात असे. शेवटच्या आजारातल्या माणसापाशी बसायचं, पाण्याचा घोट द्यायचा, नातवंडांचे फोटो बघायचे. डॉक्टर होणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे जास्त समजलं.

पदवीचे विषय संपत आले की एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा. चार विभाग, एकूण गुण ४७२ ते ५२८ या दरम्यान, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांची परीक्षा. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२च्या आसपास असते. सायन्स तुम्हाला जड जाणार नाही. जपायचं ते कार्सला, म्हणजे उतारे वाचून उत्तरं देण्याच्या विभागाला. या विभागात ९० मिनिटांत ५३ प्रश्न, आणि उतारे कलेवर, तत्त्वज्ञानावर, इतिहासावर, समाजावर. पाठांतराला तिथे काहीच वाव नाही. लेखकाचा रोख कुठे आहे, कुठलं विधान त्याला मान्य झालं नसतं, असे प्रश्न. त्याचा क्लास लावून फारसं होत नाही, वर्ष-दीड वर्ष रोज थोडं कसदार इंग्रजी वाचावं लागतं. हे तुम्ही नाशिकमध्ये बसून आजपासून सुरू करू शकता. परीक्षा मात्र घाईने देऊ नका. गुण बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षंच चालतात, आणि पडलेले कमी गुण पुढच्या अर्जातही दिसत राहतात.

अर्ज मे महिन्यात उघडतो, मेअखेरीपासून पाठवता येतो आणि वर्ग पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. अर्ज येतील तसे वाचले जातात, म्हणून जूनमध्ये गेलेला अर्ज आणि सप्टेंबरमध्ये गेलेला अर्ज यात फार अंतर पडतं. मग प्रत्येक स्कूलचे वेगळे निबंध, वेगळी फी, मग मुलाखती. साधारण ५० हजारांवर अर्जदार आणि एमडीच्या २३ हजारांच्या आसपास जागा. म्हणून ओहायोतली सरकारी स्कूल आधी धरा: ओहायो स्टेट, सिनसिनाटी, टोलेडो, राइट स्टेट, निओमेड. सरकारी स्कूल आपल्या राज्यातल्यांना झुकतं माप देतात. जोडीला डीओचे (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची डॉक्टरकीची पदवी) अर्जही करा, ते ॲकोमस या वेगळ्या यंत्रणेतून जातात. नातेवाइकांना डीओ म्हणजे होमिओपॅथीसारखं काही वाटतं, पण तसं काही नाही. डीओही पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो, शस्त्रक्रियाही करतो, आणि २०२०पासून एमडी व डीओची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, एकाच मान्यतेखाली चालते. नोकरी-संसार करून आलेल्यांकडे डीओ स्कूल बरंच मोकळेपणाने बघतात. कॅरिबियन बेटांवरच्या स्कूलच्या जाहिराती तुम्हाला दिसतील, लवकर प्रवेश मिळतो म्हणून. माझा सल्ला, त्या वाटेला जाऊ नका. तिथे मधेच गळणारे खूप, आणि पदवी मिळूनही रेसिडेन्सी न मिळालेल्यांच्या डोक्यावर कर्ज तेवढंच.

मुख्य निबंधाला ५३०० अक्षरांची मर्यादा आहे. "लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं" हे त्यात लिहू नका. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की काउंटरवर माणसं पंधरा दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी देतात आणि "पाच दिवसांच्याच द्या" म्हणतात, आणि हा माणूस परत येणार नाही हे तुम्हाला कळत असतं. तुमचा निबंध तिथे आहे. त्या खिडकीच्या अलीकडून तुम्ही काय करू शकत होतात, काय करू शकत नव्हतात, आणि म्हणून तुम्हाला तपासणीच्या खोलीत का बसायचंय. २२ वर्षांच्या मुलाकडे हे नसतं. मुलाखतीत "इतक्या वर्षांनी का?" असं विचारतील तेव्हाही हेच उत्तर आहे, आणि ते खरं आहे म्हणून टिकेल.

पैशांचं चित्र अलीकडेच बदललंय, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. चार वर्षांचा राहण्यासह खर्च सरकारी स्कूलमध्ये पावणेतीन ते तीन लाख डॉलर, खासगीत चार लाखांच्या घरात. पूर्वी ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून पूर्ण खर्च भागायचा. २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद केलंय. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. वरची रक्कम शिष्यवृत्ती, घरची बचत किंवा खासगी कर्ज. यावर मिस्टरांशी आकड्यांसकट बोला, आणि निघण्याआधी बोला. तुमच्याच राज्यात क्लीव्हलँड क्लिनिकचं लर्नर कॉलेज आहे, पाच वर्षांचा संशोधनाकडे झुकलेला अभ्यासक्रम, आणि ट्यूशन पूर्ण माफ. जागा अगदी थोड्या, पण लॅबमध्ये काम करायची आवड लागली तर नजरेत ठेवा.

हिशेब सरळ मांडते. इथली पदवी तीन वर्षं, अर्जाचं एक, मेडिकल चार, फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी तीन. तुम्ही ४४च्या असाल. सर्जरी म्हटलं तर रेसिडेन्सीच पाच वर्षांची. रेसिडेन्सीत पगार मिळतो, पहिल्या वर्षी साधारण ६५ ते ७० हजार डॉलर. मूल हवं असेल तर "सगळं झाल्यावर" म्हणून पुढे ढकलू नका. सोपा काळ कुठलाच नसतो. त्यातल्या त्यात मेडिकलचं तिसरं वर्ष, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूट्या सुरू होतात ते, टाळा. आई किंवा सासूबाई व्हिजिटर व्हिसावर येतात तेव्हा साधारणपणे सहा महिने राहता येतं. आमच्या घरी दोन्ही आज्यांनी आळीपाळीने येऊन मुलीला सांभाळलं, आणि माझी पदवी जितकी माझी तितकीच त्यांचीही आहे. पण त्यांच्या तब्येतीचा आणि इथल्या महागड्या औषधोपचाराचा विचार करून विमा आधी काढा.

निघण्याआधी करायची कामं. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद प्रती काढा, दोन-तीन जास्तीच्या. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेला, कॉलेजचा शिक्का मारून घ्या. इथलं विद्यापीठ त्यावरूनच क्रेडिट ठरवतं आणि इथून ते मागवणं फार त्रासाचं होतं. हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र घ्या, कामाच्या स्वरूपासकट. लसीकरणाचे कागद शोधा: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस बी. नसतील तर रक्ततपासणी करून प्रतिकारशक्ती दाखवता येते. आणि हॉस्पिटलमध्ये कुठलंही काम करण्याआधी टीबीची तपासणी होते. लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने आपल्या दंडावर ती खूण असते, आणि कातडीवरची टेस्ट आपल्यापैकी अनेकांची सुजून पॉझिटिव्ह दिसते. मग छातीचे एक्स-रे, चिंता, वेळ. पहिल्याच दिवशी सांगा की बीसीजी झालेली आहे, रक्तातली इग्रा टेस्ट करा. तीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

ट्रान्सक्रिप्ट हातात आलं की विषयांची यादी मला पाठवा. कुठले विषय परत करावे लागतील आणि कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला काय घ्यावं, ते एकेक बघून मी लिहीन.